पट काढून पाडतो, पण गार्डच पास होईना: जिऊ-जित्सूवाल्यांनो, मदत करा

मांजराकाठ
राम राम मंडळी.

मूळचा लातूरचा, सध्या नोकरीपायी छत्रपती संभाजीनगरात. शाळेत असल्यापासून तालमीत होतो, माती आणि मॅट दोन्हींवर जिल्ह्यापर्यंत खेळलोय. इथं घराजवळच्या एका जिममध्ये संध्याकाळी ब्राझिलियन जिऊ-जित्सूची बॅच असते. हौस म्हणून गेलो आणि अडकलो.

अडकलो म्हणजे खरोखरच अडकलो. उभ्यानं मला तिथं फारसं कुणी आवरत नाही. एकेरी पट काढला की गडी पाठीवर. आपल्याकडं एवढ्यावर हलगी कडाडली असती, फेटा बांधून मोकळे. हे लोक मात्र पाठीवर पडल्या पडल्या खुश होतात, दोन्ही पाय माझ्या कमरेला आवळतात आणि म्हणतात, ये आता. पाठीवर पडून पायांनी अडवायचं याला ते गार्ड म्हणतात, आणि पाय असे आवळले की क्लोज्ड म्हणजे बंद गार्ड. तो उघडण्यातच माझा दम निघतो, पाय ओलांडून बाजूला जाणं, म्हणजे पास, तर लांबच. उघडलाच, तर एक पाय बाजूला सारेपर्यंत दुसरा छातीवर. चिडून जोर लावावा तर मान त्याच्या मांड्यांत आणि ट्रँगल, म्हणजे पायांनी गळा आवळायचा डाव, बसलेला. तोही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या काटकुळ्या पोराचा!

कोच मनापासून शिकवतात, पण बॅच मोठी आहे, प्रत्येकाकडं किती बघणार? मोबाईलवर बघावं तर पासचे एवढे प्रकार की कुठून धरावं ते कळंना गेलंय. सुरुवातीला एक-दोनच पास धरायचे तर कोणते? आणि कुस्तीतलं इथं काय चालतं, काय विसरायचं?

पांढरापट्टा_परळी
ट्रँगल मंडळात सहर्ष स्वागत. +१ :)

लंगोटबंद
काय मालक, हरिश्चंद्र बिराजदारांच्या जिल्ह्यातले तुम्ही. त्यांनी १९७० ला एडिनबरोहून राष्ट्रकुलचं सोनं आणलं ते काय खाली पडून पाय झाडून आणलं का? पाठ टेकली, कुस्ती संपली, घरी जायचं. पडलेला माणूस जिंकतो हे आम्हाला काही पटंना गेलंय. पोरं जोर-बैठका सोडून असल्या नादाला लागायलेत.

गोदातीर
लंगोटबंद, जरा दमानं. हे काल-परवाचं फॅड नाही. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोका १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, आणि पुढं त्याचा धाकटा भाऊ एलिओ. एलिओ अंगानं किरकोळ, म्हणून खाली पडून लढायचे डाव त्या घरानं घासून घासून बारीक केले. १९९३ ला पहिली यूएफसी, म्हणजे सगळ्या प्रकारच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली त्यात एलिओचा मुलगा रॉयस यानं एका रात्रीत तिघांना शरण आणलं. त्यात केन शॅमरॉकसारखा तगडा गडीही होता. पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो, हे तेव्हा जगानं टीव्हीवर बघितलं.

लंगोटबंद
बरं. मग त्या रॉयसला आणा आमच्या हौद्यात. येताना फेटा घेऊन यावं लागंल, पण तो आम्ही बांधणार आमच्याच पोराला.

कैलासलेणं
धागाकर्ते, जरा सविस्तर लिहितो. जांभळा पट्टा आहे, पुण्यात बरीच वर्षं केलं, आता इथंच संभाजीनगरला. जांभळा म्हणजे पांढरा आणि निळा झाल्यावरचा, अजून तपकिरी आणि काळा बाकी आहेत. त्यामुळं हे ब्रह्मवाक्य समजू नये.

तुम्ही दोन वेगळी कामं एका दमात करायला जाताय. बंद गार्ड उघडणं हे एक, उघडा गार्ड ओलांडणं हे दुसरं.

बंद गार्डात असताना पाठ ताठ पाहिजे. खालच्याला तुमचं डोकं ओढून घ्यायचं असतं, कारण वाकलेल्या माणसाची मान आणि हात दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. पैलवान सवयीनं छातीला छाती लावून दाबतो. बाजूला गेल्यावर ते दाबणं सोन्यासारखं, पण पायांच्या आतून दाबलं की डोकं आपणहून दिलं. एका हातानं त्याच्या दोन्ही कॉलर एकत्र धरून मूठ छातीच्या हाडावर रोवा, कोपर आत. दुसऱ्या हातानं त्याची एक बाही घट्ट धरा. मग उभे राहा. ज्या बाजूची बाही धरलीय त्याच बाजूचा आपला पाय आधी उचलायचा, कारण त्या बाजूचा घोटा धरायला त्याचा हात मोकळा नसतो. दोन्ही पायांवर आलात की कंबर पुढं काढा, पाठ सरळ करा आणि कॉलरवरचा हात सोडून त्यानं त्याचा गुडघा आतून खाली ढकला. घोट्यांची कात्री सुटते. बसून उघडायच्याही पद्धती आहेत, पण तालमीत कमावलेल्या मांड्या असताना बसून कशाला झगडायचं?

ट्रँगलचं म्हणाल तर तो बसायला तुमचा एक हात त्याच्या मांड्यांच्या आत आणि एक बाहेर लागतो. दोन्ही हात आत किंवा दोन्ही बाहेर, एवढं पाळलंत तर त्या इंजिनिअरला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

आता उघडा गार्ड. त्याचे तळवे, मग गुडघे, मग कंबर, आणि शेवटी खांदे-डोकं. या क्रमानं आत जायचं असतं. तुम्ही पट काढायच्या वेगानं थेट कमरेवर झेपावता, म्हणून तळवे छातीवर येतात. तळवा तुमच्या अंगावर टेकलेला असेपर्यंत पुढं पाऊल नाही. आधी तो हातानं बाजूला, मग गुडघा दाबायचा, मग कंबर जमिनीला खिळवायची. कंबर हलायची थांबली की पास जवळजवळ झाला, मग पाय कितीही हवेत नाचू देत.

पास विचाराल तर टोरिआंडो आणि नी कट, दोन्ही जोडीनं. टोरिआंडोत उभ्यानं त्याच्या पँटला गुडघ्यापाशी धरायचं, दोन्ही पाय एका बाजूला लोटायचे आणि आपण दुसऱ्या बाजूनं पळायचं. पळणं महत्त्वाचं, लोटणं दुय्यम. बहुतेकांचे हात लोटतात आणि स्वतःचे पाय जागेवरच राहतात. बाजूला पोचलात की खांदा लगेच त्याच्या छातीवर, नाहीतर तो गुडघा आत घालून परत गार्ड बनवतो. आणि पँट बाहेरून मुठीत धरायची, मोहरीच्या आत बोटं घातली तर स्पर्धेत पेनल्टी.

तो टोरिआंडो अडवायला एक गुडघा वर धरून वळला की नी कट समोर येतो. आपला गुडघा त्याच्या मांडीवरून तिरका जमिनीकडं कापत न्यायचा. वरच्या अंगानं पलीकडच्या बगलेखालून हात घालायचा, म्हणजे अंडरहूक, आणि अलीकडच्या हाताची बाही वर ओढलेली. अंडरहूक नसेल तर नी कट करूच नका. तो अंडरहूक त्याला मिळाला तर तो तुमच्या पाठीवर येतो, आणि पाठ गेली की चार गुण गेले.

आयबीजेजेएफ या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात गार्ड पासला तीन गुण, पण पास केल्यावर तीन सेकंद धरून ठेवावं लागतं. पाडण्याला दोन. म्हणजे तुमच्या पटापेक्षा पासला भाव जास्त आहे, हेही लक्षात घ्या. तो पाय आत घेता घेता पालथा वळून गुडघ्यांवर आला तर तीन मिळत नाहीत, फार तर अॅडव्हांटेज, म्हणजे गुण बरोबरीत असतील तर मोजतात तो.

पांढरापट्टा_परळी
वाचनखूण साठवली. दोन हात आत किंवा दोन हात बाहेर, हे कुणी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवलं असतं तर!

जालना_मोसंबी
कैलासलेणं यांच्याशी अर्धा सहमत. पैलवानाला टोरिआंडो शिकवणं म्हणजे ट्रॅक्टर रेसला लावणं. तुमच्याकडं दाब आहे तर दाबाचाच पास करा: ओव्हर-अंडर. एक हात त्याच्या एका पायावरून, दुसरा हात दुसऱ्या पायाखालून, दोन्ही मागं बांधायचे, खांद्यानं मांडी चेपायची, डोकं त्याच्या कमरेला चिकटवायचं आणि इंचाइंचानं चालायचं. बर्नार्डो फारियाचा हा हुकमी पास, आणि त्याच्यावर तो जगज्जेता झाला. त्याला कुणी पळायला नाही लावलं.

कैलासलेणं
मोसंबी, ओव्हर-अंडर वाईट म्हणत नाही. पण पैलवान तो पहिल्या दिवशी शिकला की दुसरं काही शिकतच नाही. लिआंड्रो लो या ब्राझिलियन खेळाडूचे पास बघा, पायांची हालचाल आणि दाब एकाच माणसात कसे असतात ते. फारिया तिथं पोचेपर्यंत त्याच्या दाबामागं किती बारकावे होते तेही बघा. नवख्याचा दाब म्हणजे नुसतं वजन.

जालना_मोसंबी
नुसतं वजन पण चांगलं असतंय हो सर. तुम्ही किती किलो?

कैलासलेणं
प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

परभणीची_पोर
वरच्या सगळ्या चर्चेत ८५ किलोच्या माणसांचा विचार झाला, आता ५० च्या आतल्यांचंही ऐका.

मला नी कट अर्ध्यावर थांबला की संपलंच. हाफ गार्डात, म्हणजे समोरच्याच्या दोन पायांत, माझा एक पाय अडकतो, आणि समोरचा २० किलो जास्त असेल तर तो सरळ मला उलटवतो. म्हणून माझा भर लेग ड्रॅगवर. ब्राझीलच्या मेंडेस भावांनी तो लोकप्रिय केला. त्याचा एक पाय धरून आपल्या पोटासमोरून आडवा पलीकडं न्यायचा आणि त्याची मांडी आपल्या कमरेखाली चेपून ठेवायची. त्याची कंबर पिळलेली राहते, त्यामुळं त्याला ना धड वळता येतं ना पाय परत मधे आणता येतो. तो पलीकडं वळून पळायला गेला तर पाठ फुकटात. यात ताकद लागत नाही असं म्हणणार नाही, पण कमी लागते. वेळ मात्र अचूक साधावी लागते. तो तळवा तुमच्या मांडीवरून उचलतो तो क्षण.

दुसरं, सगळ्या पैलवान दादांना सांगणं आहे. मुलीबरोबर रोल, म्हणजे सरावाची लढत, करताना एक तर पूर्ण वजन टाकून चेपता, नाहीतर 'ताई आहे' म्हणून पास होऊ देता. दोन्हीत मला शिकायला काही मिळत नाही. खालून हातांचा अडसर लावून खरं फ्रेम करा, कंबर सरकवून खरं हिप एस्केप करा, आणि मी पास केला तर तोंड पाडून बसू नका.

पांढरापट्टा_परळी
शेवटच्या वाक्याला टाळ्या. मी तोंड पाडून बसणाऱ्यांतला.

मणका_आणि_मांडी
फिजिओ आहे, अंबाजोगाईला. खेळत नाही, पण खेळणारे माझ्याकडं येतात, म्हणून दोन शब्द.

पास करताना गुडघा जातो तो बहुधा पाय अडकलेला असताना अंग वळवल्यामुळं. पंजा त्याच्या पायात अडकून स्थिर आणि वरून तुम्ही जोरात पिळता, मग आतल्या बाजूचा लिगामेंट बोलतो. अडकलं तर आधी पंजा सोडवा. खालच्याचे दोन्ही पाय डोक्यावरून दुमडून पास करतात त्यात मान जाते, आणि ती खालच्याची. तिशी-चाळिशीच्या जोडीदाराला तसं दुमडताना हळू. त्यानं हार मानून थोपटलं की त्या क्षणी सोडायचं, 'अजून एक इंच' नाही.

आता खरा विषय: गजकर्ण. मॅटवरून पसरतं, आणि आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत झपाट्यानं. गोल लाल चट्टा, कडेला खाज. मेडिकलमध्ये मागितलं की एक ट्यूब मिळते, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोक खुश. आतून बुरशी वाढतच राहते आणि नंतर साध्या औषधानं हटत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, पूर्ण कोर्स करा, चट्टा असेपर्यंत मॅटवर येऊ नका. आल्या आल्या आंघोळ, आणि प्रत्येक क्लासनंतर जी (तो जाड कोट-पँटचा पोशाख) धुवायचाच. वाळवून परत घालणं म्हणजे धुणं नव्हे.

ज्वारीची_भाकर
प्रत्येक क्लासनंतर? आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तो जाडजूड जी भिजल्यावर घागरभर पाणी एकटाच पितो. घरी आईनं स्पष्ट सांगितलंय, तुझा पांढरा कोट धुवायचा का भांडी घासायची ते ठरव.

पांढरापट्टा_परळी
लातूरकरांनी २०१६ सारखी मिरजेहून पाण्याची रेल्वे मागवावी. वर लिहायचं, 'जी धुण्यासाठी'.

मांजराकाठ
ठ्ठो! त्या उन्हाळ्यात लातुरात होतो हो. हसू पण येतं आणि नाही पण.

कैलासलेणं
भाकर, उन्हाळ्यात नो-गी, म्हणजे जी न घालता, करा. शॉर्ट आणि रॅशगार्ड एका मगात धुतले जातात. फक्त पास बदलतात. धरायला पँट नाही, सगळं घामानं निसरडं, त्यामुळं टोरिआंडो घोट्या-नडग्यांवर करावा लागतो आणि पकड सुटते. नो-गीत कमरेला दोन्ही हातांची मिठी घालून, डोकं छातीला लावून करायचा बॉडी लॉक पास चांगला. कुस्तीवाल्यांना तो लवकर येतो, मिठी त्यांच्या हाडात असते.

पोलीस_भरती_२
अवांतर: याचं सर्टिफिकेट पाच टक्के खेळाडू आरक्षणाला चालतं का? गावात एक जण म्हणाला चालतं.

गोदातीर
जू-जित्सू २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपासून आशियाई खेळांत आहे, हे खरं. पण नोकरीचं आरक्षण शासन निर्णयातल्या खेळांच्या यादीवर आणि स्पर्धा कोणत्या संघटनेची यावर ठरतं. क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात यादी बघून या. गावातल्या एका जणावर फॉर्म भरू नका, आणि कुणी पैसे घेऊन सर्टिफिकेट देतो म्हणाला तर पाय लावून पळा.

बालाघाट_बीड
मी बीड जिल्ह्यात आडगावी राहतो, जवळ क्लास नाही, जोडीदार नाही. व्हिडिओ बघून सोयाबीनच्या पोत्यावर नी कट करतोय. गुडघा बरोबर जमिनीला लागायलाय. हे चालेल का?

परभणीची_पोर
पोत्याला पाय नसतात. तुम्ही आधीच पास झालेले आहात. :)

बालाघाट_बीड
आईशप्पथ, हे लक्षातच नाही आलं.

कैलासलेणं
हसण्यावारी नेऊ नका, पोत्याचा उपयोग आहे. बाजूला गेल्यावर छातीनं वजन कसं टाकायचं, गुडघे न टेकवता पंजांवर कसं फिरायचं, हे पोत्यावर होतं. पण पास शिकायला अडवणारा माणूस लागतो. धाकटा भाऊ, चुलतभाऊ, कुणीही. त्याला एकच सांगा: पाठीवर पड आणि मला बाजूला येऊ देऊ नकोस. त्याला जिऊ-जित्सू येत नसलं तरी पाय आपोआप मधे येतात.

मांजराकाठ
मंडळी, मूळ प्रश्नावर परत येतो. वाचून मधले काही दिवस तेच केलं. कोचना सांगून शेवटचा वेळ पोझिशनल घ्यायला लावला: मी गार्डात, पास झाला किंवा मी उलटलो की परत पहिल्यापासून. बाही धरून उभं राहणं जमायलंय, क्लोज्ड गार्ड उघडायलाय. ट्रँगल बंद झाला असं म्हणत नाही, पण आता तो येताना दिसतो.

नवं दुखणं वेगळंच. नी कटमध्ये गुडघा जमिनीला लागतो, अंडरहूक पण असतो, आणि शेवटी घोटा त्याच्या दोन्ही पायांत अडकून राहतो. मी ओढतो, तो आवळतो. तिथंच वेळ संपतो. पांढऱ्या पट्ट्याच्या लढतीत पाचच मिनिटं असतात, त्यातली दोन घोट्यातच जायलीत.

कैलासलेणं
घोटा ओढायचा नाही. ओढलं की तुमचं वजन मागं जातं आणि त्याच्या अंगावरचा दाब सुटतो. घोटा विसरून आधी वरचं अंग चपटं करा. अंडरहूक आहेच, दुसरा हात मानेखालून नेऊन खांद्यानं त्याचं तोंड पलीकडं वळवा. तोंड ज्या दिशेला, त्याच्या उलट दिशेला अंग वळवता येत नाही. तो सपाट पडला की मोकळ्या पायाची नडगी त्याच्या वरच्या गुडघ्याला लावून खाली ढकला. कात्री सैल होते आणि घोटा टाचेच्या बाजूनं निघतो. घाई नको. हाफ गार्डातून पुरता बाहेर पडलात तरी तेच तीन गुण आहेत.

लंगोटबंद
मी काही तुमच्या बाजूचा नाही, पण एक बघवंना गेलं म्हणून लिहितो. मांजराकाठ, घोटा अडकल्यावर तुमचे गुडघे टेकलेले असणार, लिहून घ्या. सवारी करताना, म्हणजे पालथ्या गड्याला वरून दाबताना, वस्ताद काय सांगायचे? गुडघा उचल, पंजे रोव, वजन त्याच्या अंगात जाऊ दे. गुडघा टेकला की निम्मं वजन माती खाते. गडी खाली पालथा असो नाहीतर उताणा, वजनाचं गणित बदलत नाही. आपले घिस्सा, भारंदाज हे डाव पालथ्या गड्यासाठी, तेवढे विसरा. बाकी वजन ठेवायची विद्या तुमच्याकडं त्या ब्राझीलवाल्याहून जास्त आहे.

कैलासलेणं
लंगोटबंद, शंभर टक्के. आमच्याकडं हेच शिकवायला वर्ष जातं.

मांजराकाठ
तात्या, गुडघे टेकलेलेच असतात. उद्या पंजावर करून बघतो.

जालना_मोसंबी
म्हणजे शेवटी दाबच. मी काय म्हणत होतो?

परभणीची_पोर
मोसंबी, तुम्ही एकदा रविवारी या बॅचला. गार्ड मी धरते.

जालना_मोसंबी
या रविवारी मोसंबीची तोडणी आहे ताई.

ज्वारीची_भाकर
एक साधं विचारू का? उंची पाच फूट आठ, वजन ७८. जीचं माप ए-२ घ्यावं की ए-३? ऑनलाइन बघतोय, परत करायची सोय नाही.

कैलासलेणं
कॉटनचा असेल तर आटतो. ए-३ घ्या आणि गरम पाण्यात टाकू नका. पण कंपनीगणिक मापं वेगळी, त्यांचा तक्ता आधी बघा.

ज्वारीची_भाकर
गरम पाणी! इथं गारच मिळंना गेलंय. ए-३ मागवतो.